बोक्याकडे पाठ करून

४ तारीख, सोमवार

हात प्लास्टरमधून सुटला. कापणाऱ्याने ती फिरती करवत चालवली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. कुणी काही कापत असलं की सरळ कापतोय की नाही हे बघायची मला सवय आहे. आतून जे निघालं तो माझा हात नव्हेच, वाळलेली शेंग निघाली. बोटं हलतात, पण सांगितल्यावर लगेच नाही. आधी विचार करतात, मग हलतात.

व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "आजी, रोज थोडं लिहायचं. बोटांना वळण लागेल."

"काय लिहू? माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातलं अर्धं वर्ष गोवरात गेलं."

"काहीही लिहा. घरात दिसेल ते."

म्हणून ही वही. कुणी वाचू नये. वाचलीच तर अक्षराला हसू नये, हात मोडलेला होता.

तर घरात काय दिसतं? दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याकडे एक मोठी खिडकी. घर माझ्या मुलाचं आणि सुनेचं. मुलगा मालवाहू जहाजावर असतो, म्हणजे घर सुनेचंच. मी आले ती हात बरा होईपर्यंत. माझी स्वतःची खोली आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, बाहेरून जिना. तिथे माझं शिलाईचं मशीन आहे. उभा जन्म लोकांचे कपडे शिवले. त्याच जिन्यावर पडले. पायरी ओली होती. लेकीकडे गेले असते, पण तिच्या घरात तिचे सासूसासरे आणि दोन दांडगी मुलं. तिथे आणखी एक म्हातारी ठेवायला कोनाडा शिल्लक नाही.

सून बुटांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांच्या पायांशी बसून त्यांना बूट घालून बघते. त्यामुळे की काय, तोंडाकडे कुणाच्या बघतच नाही. माझ्याशी बोलते तीही माझ्या पायांकडे बघून. सकाळी चहा माझ्या खाटेशेजारी ठेवते आणि निघून जाते, शब्द नाही. आंघोळीचं पाणी तापवून ठेवते आणि नाहीशी होते. काय म्हणावं अशा माणसाला? पाणी मात्र बरोबर हवं तेवढंच गरम असतं, हे खरं.

तिसरा मेंबर बोका. पिवळट, गोल, नाव बटाट्या. असलं नाव ठेवल्यावर त्याने जगाकडून काय अपेक्षा ठेवायची? आजवर मी आतल्या खोलीत दार लावून पडून होते, तो बाहेर. आता हात सुटला, आजपासून बाहेर बसणार. तेवढाच डोळ्यांना विरंगुळा.

हात दुखला. पुरे.

५ तारीख, मंगळवार

आज दिवसभर बोका बघितला. लिहायचं तर बघायला हवं. खुर्ची त्याच्या टोपलीसमोर ओढली आणि बसले.

माझी बघायची एक रीत आहे. गिऱ्हाईक दारात आलं की टेप उचलायच्या आधी मी त्याला एकदा वरून खाली बघायची, पापणी न हलवता. कुठला खांदा पडलाय, पोट कुठे आत ओढून धरलंय, सगळं कळायचं. टेप नंतर लावायची ती त्यांच्या समाधानासाठी.

बटाट्याचं माप असं: मान नाही. छाती भरपूर. कंबर शोधावी लागेल.

मी बघत होते आणि तो शेपूट जमिनीवर आपटत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आमच्या गल्लीतला कुत्राही मला पाहून असंच शेपूट हलवायचा. म्हणजे ओळख पटली. बरं वाटलं.

६ तारीख, बुधवार

शेपूट आज आणखी जोरात. म्हटलं, एवढा खूश आहे तर जवळ जावं. उठले तर गडी कपाटाखाली पसार. मी वाकून बघितलं. आत दोन दिवे. मी दिव्यांकडे बघतेय, दिवे माझ्याकडे. आधी कोण नजर काढतं बघू म्हटलं. मी जिंकले. तो तोंड फिरवून पार कोपऱ्यात जाऊन बसला.

आज उजव्या हाताने नळ उघडला. नळ उघडला म्हणून कुणी आनंद करतं का? मी केला. पाणी थोडा वेळ उगाच वाहू दिलं.

८ तारीख, शुक्रवार

बोक्याने माझ्या अंथरुणात मुतून ठेवलं. मधोमध, जागा मोजून.

मी आरडाओरडा केला. सून कामावरून आलीच होती. तिने चादर काढली, गादी उभी केली, भिजवलं, धुतलं, सगळं मुकाट्याने. मीच म्हटलं, "हा मुद्दाम करतो. तीन दिवस शेपूट हलवून गोड गोड वागला आणि हे बक्षीस."

तिने हातातली चादर पिळायची थांबवली. "शेपूट हलवत होता?"

"मला बघून. मी समोरच बसते ना त्याच्या."

"दिवसभर?"

"मग? व्यायामवालीने सांगितलंय."

तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "त्याने कालपासून काही खाल्लं नाही. परवापण थोडंच. म्हणजे..."

"म्हणजे मी बाहेर बसायला लागल्यापासून. सरळ बोलायला काय जातं?"

तिने चादर परत पिळायला घेतली. या घरात मला बोलावं लागतं तेही दोघींच्या वाट्याचं.

९ तारीख, शनिवार

बटाट्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेले. माझ्या गादीचा प्रश्न होता.

डॉक्टर म्हणजे एक किडकिडीत तरुण बाई. बोलायला लागली की थांबत नाही, पण हात चांगले. पोट दाबून बघितलं, दात बघितले, लघवी तपासली. म्हणाली, "आजार काही नाही. घाबरलाय. अंथरुणात केलं तेही त्यातूनच, खोडी नाही. पण मांजराने असं खाणं टाकणं वाईट. दोन-चार दिवसांत यकृतावर येतं. घरात काही बदललंय का?"

सून छताकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मी बदलले आहे."

"तुम्ही नव्या आहात का आजी? मग सवय व्हायला हवी त्याला. नाही झाली, तर काही दिवस दुसऱ्या घरी ठेवावं लागेल."

"त्याला मी कुठे पाठवणार नाही," सून म्हणाली. एवढं ठाम बोलताना तिला मी पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हटलं, "त्याने कशाला जायचं? घर त्याचं. मला खोली आहे. जाईन मी."

म्हणताना तो जिना डोळ्यांसमोर आला. तो मी लगेच बाजूला केला.

डॉक्टरीण म्हणाली, "थांबा हो. आजी, तुम्ही त्याच्यासोबत नेमकं काय करता?"

"काही नाही. बघते."

"कसं बघता? मला बघून दाखवा."

मी बघितलं. डॉक्टरीण एक पाऊल मागे सरकली आणि तिने स्वतःच्या कोटाची बटणं चाचपली. सुनेच्या तोंडून हसू की खोकला, असं काहीतरी निसटलं.

"बाप रे," डॉक्टरीण म्हणाली. "आजी, मांजरांत असं टक लावून बघणं म्हणजे 'ये, बघतेच तुला.' शेपूट आपटणं म्हणजे 'पुरे, लांब जा.' तो बिचारा सांगून सांगून थकला असेल."

म्हणजे कुत्र्याची भाषा आणि मांजराची भाषा उलटी. मला कुणी सांगायचं?

औषध दिलं ते असं. त्याच्याकडे बघायचं नाही. खाली बसायचं, त्याच्याकडे पाठ करून. तो येईल तेव्हा येईल. माझा अंगावरचा एखादा जुना कपडा, न धुतलेला, त्याच्या टोपलीत ठेवायचा, वास ओळखीचा व्हायला. आणि भूक लागायला एक गोळी.

रस्त्यात सून म्हणाली, "आठवडाभर बघू या, आई."

"आणि नाही जमलं तर?"

"बघू या."

१० तारीख, रविवार

माझा जुना स्वेटर बोक्याच्या टोपलीत गेला. त्या स्वेटरच्या बाह्या मी दोनदा उसवून विणल्या होत्या. असो.

भिंतीकडे तोंड करून बुटक्या स्टुलावर बसले, कपाटाकडे पाठ. शाळेत असंच बसवायचे. तेव्हा निदान आपण काय केलं ते माहीत असायचं.

न बघणं फार अवघड आहे हो. जन्मभर ज्या डोळ्यांनी पोट भरलं त्यांना आता म्हणायचं, बसा गप्प. मागे खुडबुड झाली की मान आपोआप वळते. मी मानेला दटावते. भिंतीला एक भेग आहे, ती बघते. तिचं माप घेऊन झालं.

सून आत-बाहेर करत होती. तीही दिसली तर सवयीने बघितलं जाईल, म्हणून तिच्याकडेही बघितलं नाही. एकदा सराव करायचा म्हटल्यावर नीट करायचा.

१२ तारीख, मंगळवार

बाहेर आला! मी पाठमोरी होते, पण खिडकीच्या काचेत दिसला. पोट जमिनीला घासत, कान बाजूंना पाडून, पंख पसरलेल्या पाखरासारखे. सुनेला विचारलं, असे कान म्हणजे काय. म्हणाली, "अजून ठरत नाहीये त्याचं. पळायचं की राहायचं." मी म्हटलं, त्याला म्हणावं सावकाश ठरव, मी कुठे पळतेय.

वाटीतलं थोडं खाल्लं. खाण्याचा आवाज कसा असतो, कचकच कचकच. मी पुष्कळ लग्नांचे कपडे शिवलेत, शाबासक्या घेतल्यात. पण आज भिंतीकडे तोंड करून तो आवाज ऐकताना जे वाटलं, ते आठवत नाही पूर्वी कधी वाटल्याचं. डॉक्टरणीचं भलं होवो. बोलते फार, पण भलं होवो.

सून त्याची वाटी ठेवते आणि लगेच लांब जाते. विचारलं तर म्हणते, "समोर उभं राहिलं की त्याला वाटतं, खाल्लंच पाहिजे. एकट्याला सोडलं की बरं वाटतं त्याला." बोक्यासाठी किती विचार करते ही मुलगी! माणसांसाठी याच्या निम्मा केला तरी पुरे.

एक बघितलं, सून हल्ली ताठ चालते. आधी माझ्यासमोरून जाताना खांदे आवळायची, मी म्हणायची जन्मतःच तसे असतील. बहुतेक उशी बदलली असावी.

१४ तारीख, गुरुवार

आज बटाट्या माझ्यापासून हातभर अंतरावर आला, आडवा झाला आणि चक्क चारी पाय वर करून उताणा पडला. पांढरंशुभ्र पोट. म्हटलं, झालं, जिंकलं! हात बरा झालेला, बोटंही ऐकतात. पोटावर हात ठेवला.

त्याने पुढच्या पायांनी माझा हात धरला, मागच्या पायांनी खरवडला आणि चावून कपाटाखाली गेला. त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

सुनेने मलम लावलं. माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "पोट दाखवणं म्हणजे हात लावा असं नसतं, आई. इथे मला भीती वाटत नाही, एवढंच त्याला सांगायचं असतं."

"मग तोंडाने सांग ना मेल्या."

ती हसली. मलम लावता लावता मग तिने आपणहूनच विषय काढला. म्हणाली, जहाजाचा फेरा वाढलाय, यांचं येणं आणखी लांबलं. फोन आला की मी बरं आहे म्हणते. पण दुकानातून परत येताना कधी कधी पाऊल घराकडे वळतच नाही, कोपऱ्यावर नुसती उभी राहते.

मी तिला चार चांगल्या गोष्टी सांगितल्या. कोपऱ्यावर उभं राहून काय मिळतं म्हटलं. नवऱ्याला स्पष्ट सांगायला हवं होतं म्हटलं, तुझ्या अशा गप्प बसण्यानेच त्याचं फावतं. खांदे टाकून बसू नये म्हटलं. भल्यासाठीच सांगितलं. तर ती उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

आजकालच्या मुलींना सांगायची सोय नाही.

१६ तारीख, शनिवार

आठवडा झाला. बोका खातो, पण मी स्वयंपाकघरात असेन तरच. परवाच्या प्रकारानंतर पुन्हा कान पाडून फिरतो. डॉक्टरणीला फोन केला. म्हणाली, यकृताची भीती टळली, पण अजून घाई नको.

दुपारी माझ्या घरमालकिणीचा फोन. माझी खोली मागायला कुणी आलंय. मी पुढच्या रविवारपर्यंत परतणार असेन तर खोली माझी, नाहीतर ती त्यांना देणार. तिचंही बरोबर आहे, बंद खोलीला वाळवी लागते.

हात चालतोय. बोक्याला मी नको आहे. सून बोलत नाही. हिशेब सरळ आहे. संध्याकाळी तिला सांगितलं, "रविवारी मी जाते."

ती म्हणाली, "बरं."

बरं! एवढंच. मला काय, मी जाणारच होते. पण माणूस खोटं खोटं तरी 'राहा' म्हणतं.

१८ तारीख, सोमवार

सून रजेवर. सकाळपासून कपाटं उपसतेय. मी जाणार म्हणून आवराआवर चाललीय, दुसरं काय. भाजीत मीठ दोनदा पडलं. स्वतः जेवली नाही, म्हणाली भूक नाही. एवढी खारट केल्यावर कशी असेल?

दुपारी माझ्या खाटेखाली एक खोका दिसला. आत मऊ तळव्यांचे बूट, माझ्या मापाचे. माझ्या पायाला तिने टेप लावली नव्हती कधी. घातले तर असे बसले की पायांना कळलंच नाही काही घातलंय. निरोपाची भेट असणार. तेही काही न बोलता, खाटेखाली सरकवून.

पण बूट चांगला आहे. टाके मी बघितले, एकसारखे. जी वस्तू चांगली ती चांगली.

२० तारीख, बुधवार

आज बटाट्याच्या डोळ्यांना काहीतरी झालं असं वाटलं. टोपलीत माझ्या स्वेटरवर बसून माझ्याकडे बघत होता आणि डोळे हळूहळू मिटत होता, हळूहळू उघडत होता. मी म्हटलं झोप येतेय, नाहीतर डोळे आलेत. थेंब आणायला हवेत.

सून दारात बूट घालत होती. तिथूनच म्हणाली, "थेंब नकोत. तुम्हीपण तसंच करा."

"म्हणजे?"

"हळू डोळे मिटा, हळू उघडा. तुमच्यावर विश्वास आहे म्हणतोय तो."

तरुणपणी कुणाकडे बघून असं केलं असतं तर आईने घरात घेतलं नसतं. पण केलं. त्याने परत केलं. मी परत केलं. सून दुकानात गेली आणि आम्ही दोघं सकाळभर हाच उद्योग करत बसलो. व्यायामवालीने मनगटाचा व्यायाम दिलाय, पापण्यांचा नाही. पण बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर इतकं बरं वाटलं की रविवारची आठवण येऊन हातातला पाव तसाच ठेवून दिला. पाव सुका होता.

दुपारी तो उठला, माझ्याजवळ आला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. हात लांब केला असता तर लागला असता. मी हात मांडीवरच ठेवले, एकावर एक. माणसाला हात मागे ठेवायला शिकवणारं कुणी असतं का? नसतं. सगळे पुढे करायलाच शिकवतात.

२२ तारीख, शुक्रवार

हे नीट लिहायचं आहे. हात दुखला तरी.

संध्याकाळी सून आली. दिवा लावला नाही. मी खाटेवर बसले होते. ती आली आणि माझ्या खाटेला टेकून खाली बसली, माझ्याकडे पाठ करून. बटाट्या तिच्या पायांशी. मी समोरच्या भिंतीवरची भेग बघत राहिले.

मग ती बोलायला लागली. आज दुकानात एक गिऱ्हाईक आलं, जहाजावर जाणाऱ्या मुलासाठी बूट घ्यायला. त्या मुलाचा पाय तिच्या नवऱ्याच्या मापाचा. "मी बूट काढून दिले आणि आत जाऊन बसले," म्हणाली. "बाहेर येता येईना."

माझ्या तोंडाशी चांगल्या चार गोष्टी आल्या. आवंढा गिळला आणि त्याही गिळल्या. हात मांडीवरच ठेवले.

ती पुष्कळ बोलली. सगळं लिहीत नाही, ते तिचं आहे. शेवटी म्हणाली, "रविवारी तुम्ही जाऊ नका असं म्हणायचं होतं मला. तोंडातून 'बरं' गेलं."

"का गं?"

"तुम्हाला धरायला गेलं की तुम्ही निघता. पडलात तेव्हा मी फोनवर म्हटलं, आमच्याकडे या. तुम्ही काय म्हणालात? 'मी काय पार्सल आहे का?' मग मी टॅक्सी घेऊन आले आणि खाली नुसती उभी राहिले. वर आले नाही, हाकसुद्धा मारली नाही. तुम्ही आपणहून उतरलात."

खरं आहे. मी म्हटलं होतं, टॅक्सी आलीच आहे तर रिकामी कशाला परत पाठवायची.

"पहिले काही दिवस मला तुमची फार भीती वाटायची," ती भिंतीला म्हणाली. "तुम्ही बघायला लागलात की वाटायचं, माझं कुठेतरी काहीतरी उसवलंय."

"उसवलेलं काही नव्हतं. डावा खांदा जरा खाली आहे, तेवढंच. शिवताना आत पट्टी घातली की दिसतही नाही."

ती हसली. पाठमोरीच हसली, पण पाठ हलली.

मग मीही सांगून टाकलं. जिन्याची पायरी ओली नव्हती. गुडघा अचानक सुटतो माझा, आधी सांगत नाही. कुणाला कळू दिलं नव्हतं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुमची डावी चप्पल बाहेरच्या कडेला झिजलीय. आलात त्याच दिवशी बघितली."

आणि मी समजत होते की ही पोर कुणाकडे बघतच नाही.

थोड्या वेळाने मी भिंतीला विचारलं, "माझं मशीन मावेल का इथे कुठे?"

"खिडकीपाशी मावतं."

"तुला काय माहीत? मोठं आहे ते, पायाचं."

"तुमच्या खोलीवर तुमचे कपडे आणायला गेले होते ना, तेव्हा पावलांनी मापलं. इथेही मापलं. मावतं."

म्हणजे मी इथे आल्याच्या पहिल्या आठवड्यात. मी भिंतीवरच्या भेगेचं माप परत एकदा घेतलं.

२४ तारीख, रविवार

खोली सोडली. किल्ली घरमालकिणीच्या हातात दिली. ती म्हणाली, "पुन्हा एकदा विचार करा हो आजी, अशी खोली मिळायची नाही." मी म्हटलं, नकोच मिळायला.

हमाल मशीन उतरवत होते तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशी थांबले. सून एक पायरी खाली, हात न धरता, पण धरता येईल अशी. पडले ती पायरी आली. तिच्यावर क्षणभर उभी राहिले आणि मनात म्हटलं, बाई, तुझे उपकार झाले. हात मोडलास पण पत्ता बरोबर सांगितलास. एरवी मी कुणाचे आभार मानत नाही, मागे लागतात. पायरी कुठे मागे येणार?

मशीन खिडकीपाशी ठेवलं. इंचभरही कमी-जास्त नाही, बरोबर मावलं. मी मनात म्हटलं, आता बटाट्याही बघेल आपला थाट.

बटाट्याने बघितलं. ते काळं लोखंडी धूड, तेलाचा वास, हमालांचे पाय. शेपूट फुगून बाटली धुवायच्या ब्रशाएवढं झालं, पाठीची कमान झाली आणि गडी कपाटाखाली. दोन दिवे परत आतल्या कोपऱ्यात.

सून कळवळली. "अगंबाई, सगळं पहिल्यापासून."

"असू दे," मी म्हटलं. "घाबरणारच. आपण नसतो घाबरलो? आपल्याला काय घाई आहे? राहायचंच आहे इथे."

हे माझ्याच तोंडून निघालं. ऐकून मीच चकित.

वाटी कपाटाजवळ ठेवली आणि लांब झाले. मशीनवर माझी ओढणी टाकली, ओळखीच्या वासाची. मग बुटकं स्टूल घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. नवे बूट पायात होते. जरा वेळाने सुनेने चहाचे दोन कप आणले, एक माझ्या शेजारी ठेवला आणि या वेळी निघून गेली नाही. खाली बसली, माझ्याच शेजारी, भिंतीकडेच तोंड करून.

आम्ही चहा प्यायलो. मागे कपाटाखाली सामसूम. मग काहीतरी हललं. आम्ही दोघींनी मान वळवली नाही.

बाहेरून खिडकीतून कुणी डोकावलं असतं तर म्हणालं असतं, या सासूसुनेचं कडाक्याचं भांडण झालेलं दिसतंय.